न वाजलेलं कुलूप

कुलूप वाजलं नाही. किल्ली फिरल्याचा आवाज आला, कप्पा सरकल्याचा आला, पण मधे जे दोनदा टण् टण् व्हायला हवं होतं ते झालंच नाही. नुसतं खट, आणि मग परत खट. मी गॅससमोर उभी, हातात सुपासाठी मिसोचा, त्या आंबवलेल्या सोयाबीनचा, गोळा विरघळवायची गाळणी, आणि ती तशीच पातेल्यात बुडाली. सात वाजून दहा मिनिटं. सातव्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट, खाली सेंदाई शहर कामाला निघालेलं, जून महिन्याचा दमट उकाडा, आणि पलीकडच्या खोलीत माझी लेक चिनात्सु माझ्या लग्नातल्या पेटीसमोर बसलेली. ती पेटी उघडली की वाजते. तिचं कुलूप तर शंभरावर वर्षं वाजत आलं आहे. आज वाजली नाही, कारण काल दुपारी मी तिच्या पोटात हरणाच्या कातड्याचा तुकडा खुपसला आणि काढायला विसरले. अडुसष्ट वर्षांची बाई मी, कुलपांच्या घरात जन्मलेली, आणि चोरी करावी तर अशी! खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर घशापासून टाचेपर्यंत खवखवायला लागलं.

चिनात्सुला येऊन तीन आठवडे झाले. कावासाकीहून एकटी आली, एक सुटकेस घेऊन. दारात म्हणाली, "आई, थोडे दिवस राहते." मी म्हटलं, "राहा की." झालं, एवढंच बोलणं. थोडे म्हणजे किती, नवरा कुठे आहे, भांडलात का, काही विचारलं नाही. जावयाचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा तिनं तो गॅलरीत जाऊन घेतला आणि काचेचं दार लावून घेतलं. पहिल्याच दिवशी तिनं एक गोष्ट मागितली. "पेटीची किल्ली देतेस? वरचा कप्पा मला हवाय." मी दिली. टण् टण्. काहीतरी आत ठेवलं, टण् टण्, बंद. त्या दिवसापासून किल्ली तिच्या गळ्यात, दोऱ्यात ओवलेली. आता कुलपाला किल्ल्या दोन असतात हे लोहाराच्या नातीला मी सांगायला हवं होतं का? नव्हतं सांगितलं. दुसरी माझ्या चहाच्या जुन्या डब्यात असते, त्या कातड्याच्या तुकड्याशेजारी.

या कुलपाबद्दल बोलायला लागले की माझं भान सुटतं, हे माझा नवरा असताना नेहमी म्हणायचा. म्हणू दे. तळहाताहून मोठा लोखंडी पत्रा, वर लाख भाजून चढवलेला काळा रंग, आणि त्यात छिन्नीनं उठवलेलं कासव. शेपटीला लांबच लांब शेवाळ, कारण दहा हजार वर्षं जगलेल्या कासवालाच तसं शेवाळ येतं. वर करकोचा, हजार वर्षांचा. खाली लाटा. एकेक लाट मागच्या लाटेवरून वळते आणि तिच्या कडेला फेसाचे मोहरीएवढे ठिपके, प्रत्येक ठिपका एक घाव. चार कोपऱ्यांना बदामाच्या आकाराची भोकं. आजकालच्या मुली त्याला हार्ट म्हणतात आणि फोटो काढतात. अगं, रानडुकराचे डोळे आहेत ते! आगीवर नजर ठेवतात. कासवाचा डोळा किती असेल, तांदळाच्या कणीएवढा, पण त्यातही आत एक बुबुळ आहे, आणि ते मागे वळून बघतं. किल्लीचं भोक दिसतच नाही. करकोच्याचा पंख बोटानं बाजूला सारायचा, मग दिसतं. साठ वर्षं मी हे कुलूप बघते आहे आणि अजून पंख सारताना बोट हळू होतं.

हे बाबांनी केलेलं नाही. बाबा किकुता घराण्यातले, सेंदाईच्या पेट्यांना पत्रे घडवणारे. त्यांच्याकडे दीडशेच्या वर छिन्न्या होत्या आणि प्रत्येकीला नाव. पण हे कुलूप त्यांना एका जुन्या जहाजाच्या तांडेलाच्या पेटीवर मिळालं. पेटी कुजलेली, कुलूप शाबूत. कुण्या बेटावरच्या लोहारानं केलेलं, नाव-गाव काही कोरलेलं नाही. बाबांनी ते एक अख्खा हिवाळा नुसतं समोर ठेवलं. जेवताना समोर, झोपताना उशाशी. आई वैतागून म्हणायची, "त्यालाच वाढू का आता?" माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी ते उघडलं, आतली एक झिजलेली पट्टी बदलली आणि पत्र्याला हात लावला नाही. "हा माणूस माझ्याहून मोठा होता, तोमिए," ते मला म्हणाले. आमचे बाबा! ज्यांनी आयुष्यात दुसऱ्या कारागिराला बरा म्हटलं नाही, शेजारच्या साकुराईच्या कामाला 'डब्याची झाकणं' म्हणायचे, ते असं बोलले. मग त्यांनी माझ्या पेटीच्या बाकीच्या सगळ्या पट्ट्या, कड्या, कोपरे नव्यानं घडवले, त्या अनामिक माणसाच्या हाताशी जुळतील असे. अजून जाणकार येतात आणि विचारतात, कुठलं जुनं आणि कुठलं नवं. मी सांगत नाही.

आणि ही घंटी. कुलपाच्या आतल्या बाजूला एक वाटीएवढी, म्हणजे बाहुलीच्या वाटीएवढी, काशाची घंटी आहे. किल्ली एक वेढा फिरली की एक ठोका, दुसरा वेढा, दुसरा ठोका. तांडेलानं ती चोरासाठी बसवून घेतली असणार. बाबांचं म्हणणं वेगळं. लग्नाच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "सासरी पेटी उघडशील तेव्हा घरात कुणीतरी मान वर करेल. काय गं, काय शोधतेस, असं विचारेल. परक्या घरात एवढं पुरतं." हे म्हणताना त्यांनी किल्ली फिरवली आणि डाव्या हाताचं बोट कासवाच्या पाठीवर ठेवलं. कारण त्यांना ऐकू येत नव्हतं. चाळीस वर्षं पत्रे ठोकून कान गेले होते. घंटी वाजली की नाही ते ते बोटाला विचारायचे.

बिचारे बाबा. माझं सासर शिओगामाला, हायासाकांच्या घरी, माशाच्या वड्या भाजायचं दुकान. चांगली माणसं, खोटं कशाला बोलू, पण सासूबाईंचे कान! वड्यांच्या भट्टीपाशी बसून त्यांना माडीवरची घंटी ऐकू यायची. "तोमिए, पेटी उघडलीस वाटतं?" खालून हाक. मी रुमाल घेतला तरी हाक. "आज दुसऱ्यांदा गं?" एकदा मी आईचं पत्र वाचायला उघडली, तर वर येऊन दारात उभ्या. "माहेरची आठवण आली का? येणारच. मला नाही आली कधी, वेळच नव्हता." त्या हसल्या, मीही हसले, आणि त्या रात्री माझ्या पायमोज्याची चिंधी फाडून मी खालचा कप्पा पूर्ण बाहेर ओढला, आतून हात वर घातला आणि घंटीत कोंबली. दुसऱ्या दिवशी खट, खट. कुणाची मान वर झाली नाही. मी त्या पेटीपुढे बसून पोटभर रडले, आणि मला वाटलं, वा, आता कसं बरं वाटतंय.

चिनात्सुच्या खोलीतून अजून काही आवाज नाही. ती कप्प्यासमोर बसली असेल. तिला कळलंच असेल. कळणार कसं नाही, लहानपणी ती आजोबांच्या मांडीवर बसून याच किल्लीशी खेळली आहे, आणि या घंटीची सगळी गोष्ट तिनं माझ्याकडून शंभरदा ऐकली आहे. गाळणी बाहेर काढली तेव्हा मिसोचा अख्खा गोळा पातेल्यात विरघळून गेला होता. सूप असं खारट झालं असणार की समुद्र बरा. मी त्यात पाणी ओतलं. मग आणखी ओतलं. काल दुपारी ती दवाखान्यात जाते म्हणाली. दवाखान्यात! कशासाठी ते नाही. लिफ्टचं दार बंद झालं आणि मी चहाचा डबा उघडला. मला कुलूप उघडायचं नव्हतं, नुसता पेटीवरून हात फिरवायचा होता, असं मी स्वतःला सांगत खालचा कप्पा बाहेर ओढत होते. आणि घरात चिटपाखरू नाही, मग घंटीत कातडं कशाला कोंबलं? कुणासाठी? मला वाटतं त्या कासवासाठी. ते मागे वळून बघतं ना.

कप्प्यात किमोनोच्या कागदांवर एक रुमालात बांधलेलं लहानसं गाठोडं होतं. गाठ सैल होती असं मी म्हणणार होते. नव्हती, मी सोडली. आत महापालिकेची ती आई आणि बाळाची पुस्तिका, जी दिवस राहिल्याचं कळवलं की मिळते. तिच्यावर चिनात्सुचं नाव. बाळाच्या नावाची जागा कोरी. मी पहिलं पान उघडणार, एवढ्यात बाहेरून लिफ्टचा आवाज आला. शेजारच्या बाई होत्या, पण ते नंतर कळलं. रुमाल बांधला, कप्पा लोटला, किल्ली फिरवली, खालचा कप्पा आत ढकलला, आणि डबा घेऊन स्वयंपाकघरात येऊन चहा करत असल्यासारखी उभी राहिले. कातडं आतच.

त्यानंतर मला झोप नाही. ज्यांना ती पुस्तिका लागते त्या ती पर्समध्ये घेऊन फिरतात, आगगाडीत, बाजारात, सगळीकडे. कुलपात कोण ठेवतं? जिला आता ती लागणार नाही, ती. फेकवत नाही म्हणून कुलपात ठेवते. माझ्या मैत्रिणीच्या सुनेनं तशीच ठेवली होती. मग मी उलटा विचार करायची: पण हिला मासळीचा वास नको झालाय, कॉफी सोडली, दुपारी मेल्यासारखी झोपते. मग परत: दुःखातही माणूस तसंच करतं. पहाटे उठून मी फ्रिजवरचं कॅलेंडर बघितलं. पाचव्या महिन्यात, पंचांगात दर बारा दिवसांनी येतो त्या कुत्र्याच्या दिवशी, गरोदर बाईच्या पोटाला पांढरा पट्टा बांधतात, कुत्री सुखरूप वितात म्हणून. कितवा महिना ते मला माहीत नाही. बाळ आहे की गेलं तेही माहीत नाही. तरी मी बोट ठेवून कुत्र्याचा दिवस शोधला. आणि विचारायची सोय मीच घालवून बसले होते. तिनं या घरात एकच जागा मागितली, बंद होणारी, आणि मी तीही उघडली. आता ती सुटकेस भरेल आणि जाईल, कावासाकीला नाहीतर आणखी कुठे, आणि यापुढे मला फोनवर हवामान सांगेल.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, बाबा शिओगामाला आले होते. कुलपाला कॅमेलियाचं तेल द्यायला. ते दरवर्षी यायचे. सासूबाई चहा घेऊन वर आल्या आणि बसूनच राहिल्या. बाबांनी करकोच्याचा पंख सारला, किल्ली घातली, डाव्या हाताचं बोट कासवाच्या पाठीवर ठेवलं आणि फिरवलं. बोट तसंच राहिलं. परत फिरवलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. माझे कान इतके तापले की मला वाटलं सासूबाईंना ते दिसतील. बाबांनी खालचा कप्पा काढला, हात आत घातला, चिंधी मुठीत आली तशीच बाहीत गेली. सासूबाई म्हणाल्या, "बिघडलंय का हो ते? पूर्वी कसं छान वाजायचं. हल्ली काही कळतच नाही." बाबा त्यांच्या ओठांकडे बघत होते. मोठ्यानं म्हणाले, जसे बहिरे बोलतात तसे, "जुनं आहे. थंडीत घसा बसतो."

ज्या माणसानं स्वतःच्या हातची एक कडी करकरली म्हणून गिऱ्हाइकाच्या घरी रात्रीतून सायकल मारली होती, त्यानं परक्या बाईसमोर सांगितलं की माझं कुलूप वाजत नाही. तेल दिलं, पुसलं, चहा संपवला. मी जिन्याखाली पोचवायला गेले तर म्हणाले, "वड्या छान असतात यांच्या," आणि निघून गेले. मला वाटलं रागावले. चिंधी नेली म्हणजे उद्यापासून परत टण् टण्. संध्याकाळी भीतभीत उघडली. खट. मी खालचा कप्पा काढून हात घातला, आणि बोटाला मऊ लागलं. हरणाचं कातडं, पत्रे पुसायला ते ज्यातलं वापरायचे त्यातलं. घंटीच्या मापानं गोल कापलेलं, कडा तासून पातळ केलेल्या, म्हणजे काशाला ओरखडा उठू नये. सासूबाई तिथे बसलेल्या असताना, तेल देता देता, त्यांनी ते कधी कापलं आणि कधी बसवलं मला आजही माहीत नाही. आणि त्याला एक लाल दोरा शिवलेला, खालून हाताला येईल असा. ओढला की निघावं. मला हवं तेव्हा. त्यांना वाटलं होतं घंटीनं मी एकटी पडणार नाही; त्यांचं चुकलं होतं; आणि ते चुकलेलं त्यांनी इतकं सुबक दुरुस्त केलं की मी तो तुकडा गालाला लावून बसले. असा बाप! तो दोरा मी नऊ वर्षांनी ओढला, बाबांच्या अंत्यविधीहून परतले त्या दिवशी. टण् टण् झालं. खालून सासूबाई, आता म्हाताऱ्या, म्हणाल्या, "तोमिए, उघडलीस का?" मी म्हटलं, "हो." आणि त्या वर आल्या, आणि पहिल्यांदाच काही न बोलता शेजारी बसल्या.

दार सरकलं. चिनात्सु आली, केस वर बांधलेले, चेहरा धुतलेला. टेबलाशी बसली. मी भात वाढला, खारवलेलं आंबट आलुबुखार ठेवलं, सूप ठेवलं. तिनं एक घोट घेतला आणि वाटीकडे बघितलं. "आज काय, गरम पाणी?" "मिसो संपत आला होता," मी म्हणाले. फ्रिजमध्ये किलोभर पडला आहे. ती जेवत राहिली. हळूहळू, एकेक शीत. मी समोर बसून माझ्या वाटीत काड्या फिरवत होते. मग ती मान वर न करता म्हणाली, "आई, कुलूप वाजलं नाही आज."

"जुनं आहे," माझ्या तोंडून निघालं. "थंडीत घसा बसतो."

"जून महिना आहे."

तिनं काड्या ठेवल्या, जेवणाला हात जोडले, वाटी उचलून मोरीत ठेवली आणि खोलीत गेली. मी सुटकेसच्या चेनचा आवाज यायची वाट बघत होते. लाकूड लाकडावर घासल्याचा आवाज आला, खालचा कप्पा. मग बराच वेळ काही नाही. आणि मग, सगळ्या फ्लॅटभर, टण्. थोडं थांबून, टण्. स्वच्छ. मी टेबलाला धरून बसले होते. दार तिनं उघडंच ठेवलं होतं.

"आई," तिनं हाक मारली. "आता तू विचारायचं असतं ना, काय शोधतेस म्हणून?"

मी गेले. गेले म्हणजे कशी पोचले कुणास ठाऊक. ती पेटीसमोर मांडी घालून बसली होती, मांडीवर गाठोडं, आणि लाल दोऱ्याला धरून कातड्याचा तो तुकडा हवेत झुलवत होती. मी शेजारी बसले. विचारायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. घसा माझाच बसला. तिनंच विचारलं, "पुढचा कुत्र्याचा दिवस कधी आहे गं?"

"मंगळवारी," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या दिशेनं एकदा बघितलं, परत माझ्याकडे. "न बघता?"

"बघितलं होतं. आज पहाटे." मग म्हटलं आता झाकून काय उपयोग. "पुस्तिकाही बघितली. गाठ मी सोडली. आतलं पान नाही बघितलं, तेही लिफ्ट आली म्हणून, नाहीतर बघितलं असतं. मला वाटलं बाळ गेलं म्हणून तू..." आणि मी रडायलाच लागले, लहान पोरासारखी.

"अगं, गेलं कुठे! पाचवा लागला. काल ठोके ऐकून आले. पुस्तिका घरीच विसरले म्हणून बोलणीही खाल्ली." तिनं गाठोडं पुढे केलं. "पण गाठ काय मारलीस ती? उभी. मेलेल्यांची."

"अगं बाई!" मी तोंडावर हात मारला. आमच्यात बाळाच्या वस्तूला उभी गाठ! घाईत हात उलटा फिरला असणार. मी ती रुमालाची टोकं हिसकावून घेतली, तर ती हसायला लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "मी परत नीट बांधली. बघ तरी." खरंच, आडवी होती.

मग हसू थांबलं. तिनं कासवाच्या पाठीवर बोट ठेवलं, आजोबा ठेवायचे तसं. "मी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बाळासाठी तरी परत जा. म्हणून कुलपात ठेवलं. आता म्हणणार आहेस का?"

म्हणणारच होते. 'परत जा' हे वाक्य तीन आठवडे माझ्या जिभेवर तयारच होतं, शहाण्या बायकांचं वाक्य, मलाही सगळ्यांनी ऐकवलेलं. कासवाचा तांदळाच्या कणीएवढा डोळा माझ्याकडे बघत होता. मी अ‍ॅप्रनच्या खिशात कालपासून राहिलेली दुसरी किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"पट्ट्याचं कापड माहेरानं द्यायचं असतं," मी म्हणाले. "दुकानं दहाला उघडतात. केस विंचर."